पुस्तकं गेली, नावं राहिली



आज बचतीचा हप्ता, मसाल्याचं पॅकिंग, बँकेचं कर्ज यावर बोलायचं नाही. आज जरा मागच्या काळात जाऊन यायचं आहे, दोन-अडीच हजार वर्षं मागे. पण जाताना गटाची वही काखेत धरूनच जाऊ या. ती वाटेत लागणार आहे.

आम्ही घोडबंदर रोडच्या आजूबाजूच्या पाड्यांवर आणि गावठाणांत गटांचं काम करतो. ज्यांनी हा रस्ता पाहिला आहे त्यांना माहीत आहे, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला येऊरचा डोंगर. मधल्या चिंचोळ्या पट्टीत आता टॉवर उभे राहिले आहेत आणि कंटेनरच्या रांगा लागतात. अरबांकडून आलेले घोडे इथे उतरायचे म्हणून या जागेला घोडबंदर नाव पडलं, असं सांगतात. म्हणजे आपण राहतो ती जागा मुळात बंदराची. बंदराची माणसं व्यापार करतात, हिशोब ठेवतात, दूरदूरच्या लोकांशी बोलतात. मग त्यांनी लिहिलंही असणार. ते लिहिलेलं कुठे गेलं? आजची गोष्ट या प्रश्नाची आहे.

हा प्रश्न आमच्या डोक्यात पुस्तकातून आला नाही. तो आला एका भिजलेल्या वहीतून.

आमच्या एका गटाची वही सचिवताईंच्या घरी माळ्यावर ठेवलेली होती. पावसाळ्यात कौलातून पाणी ठिबकलं आणि वही भिजली. पानं एकमेकांना चिकटली, शाई पसरली. गटातल्या एका वयस्कर मावशींनी अंतर्गत कर्ज घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "मी सगळं फेडलंय, शेवटचे दोन हप्ते तर गणपतीच्या आधीच दिले." दुसऱ्या दोघी म्हणाल्या, "आम्हाला नाही आठवत." वहीत बघावं तर त्या पानावर निळा डाग. अखेर मावशींनी ते दोन हप्ते पुन्हा भरले. पैसे भरले आणि बैठकीला यायचं सोडलं. आम्ही घरी भेटायला गेलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पैशाचं काय नाय गं. पण मी खोटी ठरले. वहीत नव्हतं म्हणून मी खोटी."

ताईंनो, हे वाक्य आमच्या मनातून जाईना. कागद गेला की माणूस खोटं ठरतं. एका बाईच्या बाबतीत हे घडतं तसं अख्ख्या लोकांच्या बाबतीतही घडलेलं आहे. त्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्यापासून फार लांबचं आहे, पण ते आधी ऐका, म्हणजे आपल्या डोंगरातली गोष्ट नीट कळेल.

आज जिथे लेबनॉन देश आहे तिथल्या समुद्रकाठी फार पूर्वी काही शहरं होती. टायर, सायडन, बिब्लॉस ही त्यांची नावं. तिथल्या लोकांना फिनिशियन म्हणतात. दर्यावर्दी माणसं. देवदाराचं लाकूड, काच, समुद्री गोगलगाईपासून काढलेला जांभळा रंग असा माल गलबतांत भरून ती भूमध्य समुद्राच्या पार टोकापर्यंत जायची. याच लोकांपैकी काहींनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिशियात, कार्थेज नावाचं शहर वसवलं. कथा अशी सांगतात की ते वसवणारी एक बाईच होती. टायरच्या राजघराण्यातली एलिसा. नवऱ्याचा खून झाल्यावर ती आपली माणसं घेऊन समुद्रमार्गे निघाली आणि नव्या जागी तिने गाव उभं केलं. कार्थेजच्या या लोकांना आणि त्यांच्या भाषेला प्यूनिक म्हणतात.

या लोकांनी जगाला एक मोठी देणगी दिली, ती म्हणजे अक्षरं. त्यांची लिपी फक्त २२ अक्षरांची होती. त्याआधी त्या भागात लिहायला शिकायचं तर शेकडो चिन्हं पाठ करावी लागायची. ते काम राजाच्या कारकुनांचंच. २२ अक्षरं मात्र कुणीही शिकू शकतं. ग्रीक लोकांनी ती उचलली, त्यांच्याकडून ती रोमन लोकांकडे गेली आणि आज आपली मुलं शाळेत जी ए, बी, सी, डी गिरवतात ती तिथूनच फिरत फिरत आलेली आहे.

आता गंमत बघा. ज्यांनी जगाला लिहायला शिकवलं, त्यांचं स्वतःचं एकही पुस्तक आज त्यांच्या भाषेत शिल्लक नाही. एकही नाही. कारण ते पपायरसवर लिहायचे. पपायरस म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या एका लव्हाळ्याच्या पट्ट्यांपासून केलेला कागद. समुद्रकाठच्या दमट हवेत तो टिकत नाही. त्यात लढाया झाल्या. इसवी सनापूर्वी १४६ साली रोमन सैन्याने कार्थेज जाळलं आणि जमीनदोस्त केलं. तिथल्या ग्रंथालयांतली पुस्तकं रोमने आफ्रिकेतल्या छोट्या राजांना देऊन टाकली. पुढे तीही नाहीशी झाली.

एक ग्रंथ तेवढा रोमने मुद्दाम ठेवून घेतला. मागो नावाच्या कार्थेजी माणसाने शेतीवर २८ भागांचा ग्रंथ लिहिला होता. बैल कसा निवडावा, द्राक्षाची वेल कशी लावावी, मधमाश्या कशा सांभाळाव्यात, असं सगळं त्यात होतं. ज्या शहराची राखरांगोळी केली त्या शहरातल्या माणसाची शेतीची अक्कल रोमला हवी होती. म्हणून रोमच्या राजसभेने हुकूम काढून त्याचं लॅटिन भाषांतर करून घेतलं. आज मूळ ग्रंथ नाही आणि ते भाषांतरही नाही. पुढच्या रोमन लेखकांनी आपल्या पुस्तकांत "मागो असं सांगतो" म्हणून जे तुकडे घेतले, तेवढेच उरले. त्यातला एक सल्ला असा, की ज्याने शेत विकत घ्यायचं त्याने शहरातलं घर विकून टाकावं. दोन्हीकडे जीव ठेवला की शेती होत नाही.

तर फिनिशियन लोकांबद्दल आज जे वाचायला मिळतं ते बरंचसं ग्रीकांनी आणि रोमनांनी लिहिलेलं. रोमन तर त्यांचे शत्रूच. सवतीच्या तोंडून सवतीची कहाणी ऐकावी तसं. त्यात ते लबाड व्यापारी म्हणून येतात. त्यांची बाजू सांगणारी वही भिजून गेली होती ना! मग ते खोटे ठरले.

मग त्यांच्या स्वतःच्या हातचं काय उरलं? दगड. कार्थेजच्या मातीत नवसाचे हजारो दगड सापडले आहेत. त्यांवर साधारण सारखाच मजकूर असतो. देवी तानित आणि देव बाल हम्मोन यांना, अमक्याच्या अमक्या मुलाने हा नवस फेडला, देवाने त्याचं ऐकलं म्हणून. त्यांत बायकांचीही नावं आहेत. पुस्तकं गेली, नावं राहिली.

आता इतक्या लांबून परत घोडबंदर रोडला या.

आपला किनाराही असाच बंदरांचा. खाडीच्या एका टोकाला कल्याण, दुसऱ्या बाजूला वसईजवळ सोपारा, म्हणजे आजचं नालासोपारा, आणि मध्ये ठाणे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या खलाशाने किंवा व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे. कल्याणच्या बाजारात पूर्वी परदेशी जहाजं रीतसर यायची, पण पुढे राजा बदलल्यावर त्यांना अडवू लागले आणि चुकून आलेल्या ग्रीक जहाजांना पहारा देऊन भडोचला नेऊ लागले, असं तो सांगतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या कल्याणची ही खबर आपल्याला कुणाकडून कळते? परक्या माणसाकडून. कल्याणच्या एखाद्या शेठाची रोजकीर्द, एखाद्या तांडेलाची वही आपल्याकडे नाही. ताडपत्र आणि कापड आपल्या कोकणच्या पावसात कुठे टिकायला!

कथांचंही तसंच झालं. पैठणच्या सातवाहन राजांच्या काळात गुणाढ्य नावाच्या कवीने पैशाची भाषेत 'बृहत्कथा' नावाचा मोठा कथासंग्रह रचला, असं मानतात. कथा सांगते, की ही हलकी भाषा म्हणून राजाने तो ग्रंथ नाकारला. गुणाढ्य रानात गेला, विस्तव पेटवला आणि एकेक पान वाचून आगीत टाकू लागला. रानातली जनावरं चरायचं सोडून ऐकत बसली. सात लाख श्लोकांपैकी सहा लाख जळले, तेव्हा कुठे राजा धावत आला आणि उरलेला एक लाख वाचला. ही झाली आख्यायिका. खरी गोष्ट अशी, की आज तो वाचलेला भागही मूळ भाषेत नाही. शेकडो वर्षांनी, अकराव्या शतकात, दूर काश्मीरमध्ये सोमदेव नावाच्या कवीने सूर्यमती राणीसाठी त्या कथा संस्कृतात पुन्हा सांगितल्या. तो ग्रंथ म्हणजे 'कथासरित्सागर'. आपल्या पैठणची गोष्ट काश्मीरच्या एका राणीने ऐकायची म्हटलं, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. मागोची शेती जशी रोमन लोकांच्या पुस्तकांत उरली, तसंच हे.

मग आपल्या बंदरांच्या माणसांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं काहीच नाही का? आहे. आणि ते आपल्या डोंगराच्या पाठीला आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही तीन गटांच्या मिळून बावीस जणी कान्हेरीला गेलो. येऊरचा डोंगर आणि कान्हेरीचा डोंगर एकाच राष्ट्रीय उद्यानात येतात, पण सरळ वाट नाही. घोडबंदर रोडने बोरिवलीला वळसा घालावा लागतो. भाकरी, चटणी, उकडलेली अंडी बांधून घेतली. त्या मावशींनाही आग्रहाने नेलं. त्या आधी "मला काय समजायचंय त्यातलं" म्हणत होत्या, पण आल्या.

कान्हेरीला काळ्या खडकात कोरलेली शंभराहून जास्त लेणी आहेत. बौद्ध भिक्षू तिथे एक हजार वर्षांच्या आसपास राहिले. लेण्यालेण्याला पाण्याचं टाकं आहे. आणि भिंतींवर अक्षरं आहेत. ब्राह्मी लिपीतली, प्राकृत भाषेतली. प्राकृत म्हणजे आपल्या मराठीची जुनी घरची भाषा. ते लेख अभ्यासकांनी वाचून छापलेले आहेत, म्हणून आम्हालाही कळले. त्यांत देवादिकांच्या मोठमोठ्या कथा नाहीत. बहुतेक ठिकाणी एक-दोन ओळी. कुणी, कुठल्या गावच्या माणसाने, काय दिलं. कल्याणचा सामिदत्त नावाचा सोनार, त्याने पाण्याची पोढी दिली. पोढी म्हणजे टाकं. कल्याणचाच नंद नावाचा लोहार, त्याने वाट करून दिली. सोपाऱ्याचे दाते आहेत, नाशिकचे आहेत. व्यापारी आहेत, त्यांच्या बायका आहेत, भिक्षुणी आहेत.

आम्ही हे सांगितलं तेव्हा मावशी खडकाला हात लावून म्हणाल्या, "म्हणजे ह्या लोहाराला कुणी खोटं म्हणू शकत नाय." आम्ही सगळ्या हसलो. पण बरोबरच होतं त्यांचं. दोन हजार वर्षं झाली, त्याचा राजा गेला, त्याचं दुकान गेलं, कल्याणचं जुनं बंदर गेलं. पण वाट मी केली, हे त्याचं म्हणणं अजून उभं आहे.

पुढच्या काळातला एक लेख तर आम्हाला फारच लागला. नवव्या शतकात आपल्या कोकणावर शिलाहार राजांचं राज्य होतं. त्यांच्यातल्या पुल्लशक्ती राजाच्या वेळचा तो लेख. त्यात एका दात्याने कान्हेरीच्या भिक्षूंसाठी पैसे ठेवले आहेत आणि ते कशाकशाला वापरायचे हे सांगितलं आहे. डागडुजीला, भिक्षूंच्या वस्त्रांना आणि पुस्तकांना. पुस्तकांना वेगळे पैसे! म्हणजे या डोंगरात पुस्तकं होती. कुणी लिहीत होतं, कुणी वाचत होतं, जुनी झाली की नवी करून घेत होतं. आज त्यातलं एक पान तिथे नाही. पुस्तकांसाठी पैसे ठेवल्याची नोंद आहे, पुस्तकं नाहीत. कार्थेजची ग्रंथालयं आठवली ना?

आता काखेतली वही उघडा. या जुन्या लेखांत एक शब्द येतो, 'अक्षयनीवी'. नीवी म्हणजे मुद्दल. अक्षयनीवी म्हणजे कधीही न मोडायचं मुद्दल. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खर्चायचं. याचा सगळ्यात नीट हिशोब नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. आपल्या गटासारखाच म्हणा ना! २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण दराने. आणि पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी द्यायचे.

करा हिशोब. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०. वर्षाचे २४०. आणि २० भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजे? २४०. पैचा फरक नाही. बैठकीत आम्ही हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा एक ताई म्हणाली, "आपल्या गटापेक्षा स्वस्त व्याज होतं की!" पण आम्हाला आवडलं ते वेगळंच. दोघांतला करार चारचौघांसमोर भिंतीवर कोरला होता. दर किती, रक्कम कुणाकडे, कशासाठी, सगळं. रस्त्याने येणारा-जाणारा वाचू शकेल असा रोजमेळ!

याच पांडवलेण्यांत उषवदाताची बायको दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीचा लेख आहे. त्यात ती नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको आहेच, पण तिचं नावही आहे आणि दानही तिचं आहे. तिथेच गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णी हा तिचा मुलगा. मुलाच्या पराक्रमाचं त्यात भरभरून वर्णन आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्या राजाबद्दल जे शिकवतात त्यातलं बरंचसं या आईच्या लेखातून घेतलेलं आहे. आईने लिहवून घेतलं म्हणून मुलगा कळला. कल्याणहून घाटावर जायच्या जुन्या वाटेवर नाणेघाट आहे. तिथल्या गुहेत नागनिका राणीचा लेख आहे. यज्ञांत किती गाई दिल्या, किती घोडे, किती नाणी, सगळं आकड्यांत. आपल्या देशातल्या जुन्यात जुन्या आकड्यांत ते आकडे मोजतात. म्हणजे हिशोब बायकांना जमत नाही म्हणणाऱ्यांना सरळ नाणेघाट दाखवावा.

फिनिशियन लोकांतही अशी एक आई आहे. सायडनचा राजा एश्मुनाझर १४ वर्षं राज्य करून अकाली गेला. त्याची दगडी शवपेटी १८५५ साली सापडली, ती आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यावरच्या लेखात आई अमोअश्तार्त हिचं नाव आहे. ती देवीची पुजारीण होती, आणि आम्ही दोघांनी मिळून देवळं बांधली, असं तो लेख सांगतो.

पण सगळ्या जणी इतक्या नशीबवान नव्हत्या. कान्हेरीच्या एका टाक्याजवळ तुटका लेख आहे. सातकर्णी राजाची राणी, महाक्षत्रपाची मुलगी, तिचा सतेरक नावाचा अमात्य, आणि त्याने दिलेलं पाण्याचं टाकं. आज त्या लेखात अमात्याचं नाव वाचता येतं, नवऱ्याचं येतं, बापाच्या नावाचं पहिलं अक्षर येतं. राणीचं स्वतःचं नाव नाही. मैत्रिणींनो, आपल्या गटांच्या जुन्या वह्या काढून बघा. "बाळूची आई", "पाटलांची सून" अशा किती नोंदी सापडतात! आम्हाला आमच्याच वह्यांत सापडल्या.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती शापाची. लिहिलेलं कुणी मोडू नये म्हणून जुनी माणसं शाप लिहून ठेवायची. एश्मुनाझरच्या पेटीवर आहे, की जो ही पेटी उघडेल त्याला मेल्यावर विसावा मिळू नये, त्याचा वंश वाढू नये. आपल्याकडे शिलाहारांच्या काळापासूनचे असे दगड ठाणे, रायगड जिल्ह्यांत गावोगाव आहेत. वर चंद्र-सूर्य, मध्ये मजकूर आणि खाली गाढव आणि बाई. त्यांना गधेगाळ म्हणतात. अलिबागजवळच्या अक्षी गावचा दगड असाच आहे, आणि त्यावरचा लेख मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत मोजला जातो. अर्थ असा, की जो हे जमिनीचं दान मोडेल त्याच्या आईला गाढव लागो.

हे सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही, राग येतो. जमीन हडपणार पुरुष आणि शिक्षा त्याच्या आईच्या अंगावर! आपल्या मराठीच्या पहिल्या काही ओळींत बाई आली ती अशी, शिवी होऊन. पण म्हणून दगड फोडायचा का? नाही. तो तसाच ठेवायचा, मुलींना दाखवायचा आणि सांगायचं, की दगडावर कोण कोरतं यावर आपण कशा दिसणार हे ठरतं. आपण कोरलं असतं तर वेगळं कोरलं असतं. काही गावांत या दगडांना शेंदूर लावून देव म्हणून पुजतात, काही ठिकाणी ते पायरीला किंवा गटाराला लावलेले दिसतात. तुमच्या गावात चंद्र-सूर्य आणि गाढव कोरलेला दगड असेल तर तो हलवू नका, ग्रामपंचायतीला लेखी कळवा.

आता शेवटचं. आपल्या आज्या-पणज्यांनी दगडावर कोरलं नाही, ताडपत्रावर लिहिलं नाही. त्यांना लिहायला कुणी शिकवलंच नाही. पण त्यांनी रचलं. पहाटे जात्यावर बसून रचलं. माहेर, सासर, भाऊ, पंढरी, सीतेचा वनवास, सगळं ओवीत घातलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून, बायकांजवळ बसून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या. गाणारीचं नाव आणि गाव त्यांसोबत नोंदवलं. कान्हेरीच्या दगडासारखंच, कुणी, कुठल्या गावच्या बाईने, काय दिलं. पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. ही माणसं वेळेवर पोचली नसती, तर त्या लाखभर ओव्यांचं कार्थेज झालं असतं.

पण सगळ्या पाड्यांवर कुणी पोचत नाही. आमच्या डोंगरातल्या वारली आणि कातकरी वस्त्यांत लग्नाला गाणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. त्यांच्या तोंडात जे आहे ते अजून कुठल्याही वहीत नाही.

म्हणून कान्हेरीहून आल्यावर आम्ही तीन गटांत मिळून तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, प्रत्येक नोंदीत बाईचं स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं त्याच्या मागे. दुसरी, महिन्याच्या बैठकीनंतर वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढायचे आणि ते तिघींच्या मोबाइलमध्ये ठेवायचे. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर नाही. तिसरी, वहीच्या मागच्या बाजूने उलटीकडून दर बैठकीला एकच गोष्ट लिहायची. एखादं गाणं, औषधाचा पाला, गावच्या विहिरीचं नाव का पडलं ते, आणि सांगणारीचं नाव. पाच मिनिटं लागतात.

त्या मावशी आता बैठकीला येतात. त्यांचे ते दोन हप्ते परत द्यायचा ठराव गटाने केला. पैसे त्यांनी घेतले आणि म्हणाल्या, "ठराव वाचून दाखव." सचिवताईंनी वाचून दाखवला. मावशींचं संपूर्ण नाव, तारीख, रक्कम, आणि मावशींनी कर्ज पूर्ण फेडलेलं होतं हे वाक्य. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग वहीच्या मागच्या बाजूचं पहिलं पानही त्यांनीच भरलं. त्या सांगत होत्या आणि एक नववीतली मुलगी लिहीत होती. त्यांच्या आईचं लग्नातलं गाणं आहे ते, तेरा ओळींचं. खाली लिहिलं आहे, कुणी सांगितलं आणि कुठल्या पाड्यावरची.

तुमच्या गटाच्या वहीचं मागचं पान कोरं असेल तर येत्या बैठकीला ते उलटं करून बघा.